‘कारण’पुढची रिकामी जागा

‘धोटा’चा जनक मी नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण माझ्या वयाच्या माणसानं महत्त्वाची गोष्ट शेवटासाठी राखून ठेवू नये. मध्येच डोळा लागतो.

झालं असं, की मागच्या महिन्यात कॉलेजातून फोन आला. बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. कॉलेजची स्मरणिका निघते आहे. फोनवरच्या बाई म्हणाल्या, की सर, तुमच्यासाठी दोन पानं ठेवली आहेत, मथळा ‘धोटाचे जनक’, आणि सुटातला एखादा फोटो द्या. सूट माझ्याकडे एकच आहे. तो मी एकदाच घातला, बंगळुरात, आणि त्या दिवशी व्यासपीठावरून एक वाक्य बोललो. फोटोऐवजी बाईंना मी हा मजकूर देणार आहे. धोटा हा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम ज्यानं केला त्याच्याबद्दल यात आहे, आणि त्या वाक्याबद्दलही.

त्याचं नाव भरमाण्णा सातपुते. आमच्या लॅबचा इन्स्ट्रक्टर. वडगावच्या विणकराच्या घरातला. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग, मागच्या सोप्यात एक हातमाग, आणि त्या हातमागावर त्याची थोरली बहीण, आक्का. भरमाण्णा कॉलेजात आला तो वायरिंग करायला. वायरी ज्या डब्याकडे जातात त्या डब्यात काय आहे म्हणून त्यानं पुस्तकं वाचायला घेतली, आणि वाचता वाचता प्रोग्रॅम लिहायला लागला. त्याच्याकडे एकही डिग्री नव्हती. माझ्याकडे तीन होत्या. लॅबमध्ये काही बिघडलं, की आम्ही तिन्ही डिग्र्या घेऊन त्याची वाट बघत बसायचो.

बुटका माणूस. बाराही महिने राखाडी बिनबाह्यांचा स्वेटर, आणि त्याच्या खिशात सूत कापायची चिमटीएवढी कात्री. की-बोर्डला हात लावण्याआधी तो हात फडक्याला पुसायचा. तेलकट हात ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लागला की डाग साडीच्या पदरापर्यंत जातो, हे त्याला लहानपणी आक्कानं पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं. टाइप दोनच बोटांनी करायचा, पण असा एका लयीत, की डोळे मिटले तर शेजारी माग चाललाय असं वाटावं. विचारात पडला की अंगठा आणि तर्जनीत एक नसलेला धागा ओढत राहायचा. अकरा वाजले की जगाचं काहीही होवो, तो डबा उघडून भाकरी खायचा. एकदा तपासणीला आलेली समिती अकरा वाजता लॅबमध्ये शिरली. भरमाण्णानं उठून नमस्कार केला, त्यांनाही चतकोर देऊ का विचारलं, आणि परत खाली बसला. समितीतल्या एकानं चतकोर घेतली. अहवाल चांगला आला.

पण भरमाण्णा खरा कळायचा तो त्याच्या वहीतून. लॅबमध्ये बिघाडांची वही असते. काय बिघडलं, काय केलं, एवढं लिहून लोक सही करतात. भरमाण्णानं त्यात एक रकाना स्वतःच्या हातानं आखला होता: कारण. आणि तो रकाना तो कधी रिकामा ठेवत नसे. ‘कारण: उंदीर.’ ‘कारण: प्राध्यापकांचा चहा सांडला. साखर जास्त.’ एका ठिकाणी ‘कारण: माहीत नाही, शोधतोय’ आणि पंधरा दिवसांनी त्याच्याच खाली वेगळ्या शाईनं ‘मुंगी’. दोन-तीन ठिकाणी नुसतं ‘कारण: मी.’ मी त्याला म्हटलं होतं, की अरे, एवढं कशाला लिहीत बसतोस, दुरुस्त झालं ना? तो म्हणाला, "बिगडलेलं सगळ्यांस्नी दिसतंय, सर. कारण लिवलं न्हाय तर ते परत बिगडतंय."

धोटा जन्माला आला तो एका मुलीच्या तीन बापांमुळे. खानापूरकडचे एक शेतकरी मुलीला प्रवेशासाठी घेऊन आले होते. त्यांचं नाव रेशन कार्डावर कन्नडमध्ये, शाळेच्या दाखल्यावर मराठीत आणि आधारवर इंग्रजीत. आपल्या भागात हे घरोघरी आहे. पण आमच्या प्रवेशाच्या प्रोग्रॅमनं तीन कागदांवरून तीन माणसं धरली आणि अर्ज परत फेकला. कारकून म्हणाला, प्रतिज्ञापत्र आणा. ते गृहस्थ नुसते उभे राहिले. आपण एकच आहोत हे कुणापुढं शपथेवर सांगायचं ते त्यांना कळेना. भरमाण्णा तिथं पंखा दुरुस्त करायला शिडीवर चढला होता. तो वरूनच म्हणाला, "सर, मशिनीला आपला मुलूख म्हाईत न्हाय."

आठवड्याभरात त्यानं नवा अर्ज लिहून काढला. तिन्ही लिप्यांतलं नाव शेजारी शेजारी, आणि माणूस एक. मग त्याला फीच्या पावतीचं पान जोडलं, मग ग्रंथालयाचं, मग वसतिगृहाचं. प्रत्येक वेळी तो मागचं तसंच ठेवून पुढं विणत गेला. दोन वर्षांनी लक्षात आलं, की कुणालाही कुठलीही वेबसाइट करायला वापरता येईल असा एक सांगाडाच तयार झाला आहे. याला फ्रेमवर्क म्हणतात. नाव त्यानंच ठेवलं, मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यावरून. ब्राउझरकडून विचारणा जाते, सर्व्हरकडून उत्तर येतं, परत विचारणा, परत उत्तर, "धोटाच की ह्यो," तो म्हणाला, "हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं, आणि मधी कापड."

माझ्या बायकोला माझा धंदा मी लग्नानंतर तीस वर्षांत समजावू शकलो नव्हतो. भरमाण्णा एकदा घरी आला आणि चहा निवायच्या आत समजावून गेला. "वैनी, साडी विणायची तर दर येळी सुताराकडनं नवा माग करून घेता काय? माग तयार असतोय. ह्यो वेबसायटीचा माग." आणि तो फुकट द्यायचा, शिवाय ज्याला हवं त्यानं त्याचा खिळान् खिळा उघडून बघायचा, बदलायचा, बदल बरा असेल तर कळवायचा. यालाच ओपन सोर्स म्हणतात.

बायको म्हणाली, "सगळंच देऊन टाकलं, तर मग मालकाकडं राहिलं काय?"

"जबाबदारी," भरमाण्णा म्हणाला आणि बशी तोंडाला लावली.

धोटा जगासाठी खुला केला त्या दिवशी त्यानं अर्धा किलो कुंदा आणला होता. कुणीतरी पहिल्यांदा उतरवून घेतला की डबा उघडायचा असं ठरलं. एक दिवस गेला, दोन गेले. बेळगावचा कुंदा टिकतो, पण किती टिकणार? तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी माझ्या केबिनमध्ये जाऊन गुपचूप डाउनलोडचं बटण दाबलं. आकडा शून्याचा एक झाला. मी लॅबमध्ये येऊन म्हटलं, "अरे वा!" भरमाण्णानं स्क्रीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सर, तुमच्या मशिनीचा नंबर मला पाठ हाय. त्यो धरत न्हाय." डबा बंदच राहिला. चौथ्या दिवशी फिनलंडमधल्या कुणा इंजिनिअरनं धोटा उतरवला आणि वर एक प्रश्नही विचारला. तिकडंही एका गावाची नावं दोन-तीन भाषांत लिहितात म्हणे, त्याला तेच हवं होतं. तेव्हा कुठं आम्ही कुंदा खाल्ला. थोडा आंबूस लागला.

त्या फिनलंडवाल्याला भरमाण्णा ‘पावणा’ म्हणायचा. पाहुणा पानभर लिहायचा. भरमाण्णाचं इंग्रजी तारेसारखं. येस. डन. चेक. पण दोघांचं जमलं. एकदाच बिनसलं. पाहुण्याचं म्हणणं, नवी आवृत्ती आली की जुन्या पद्धती काढून टाकाव्यात, ओझं कशाला वागवायचं? भरमाण्णाकडं एवढं इंग्रजी नव्हतं. तो रविवारी घरी गेला आणि आक्काच्या मागाचा फोटो काढून पाठवला.

हे जरा सांगितलं पाहिजे. मागावरची साडी संपते तेव्हा विणकर कापड कापून घेतो, पण ताण्याचे सगळे धागे ओढून काढत नाही. वीतभर शेपूट फणीत तशीच ठेवतो. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा त्या शेपटीच्या एकेका धाग्याला गाठायचा, हजारोंनी गाठी, आणि मग ओढला की नवा ताणा आपापल्या जागी येऊन बसतो. शेपूट कापली, तर प्रत्येक धागा पहिल्यापासून ओवत बसावं लागतं. भरमाण्णानं धोटामध्ये अशीच एक पेटी ठेवली होती. जुन्या आवृत्तीवर कुणी काही उभारलं असेल, तर नव्या आवृत्तीतही ते चालावं, अशी सगळी जोडणी त्या पेटीत. तिचं नावच ‘शेपूट’. आणि धोटाच्या माहितीपत्रकातलं पहिलं वाक्य होतं: ‘जुना धागा तुटणार नाही.’ फोटो बघून पाहुण्यानं वाद सोडला.

या वाक्याच्या भरवशावर लोक झोपायचे. सदलग्याचे बाळगोंडा आप्पा तर नक्कीच. तिकडच्या ऊस उत्पादकांच्या संघाचे ते चिटणीस. कुणाच्या शेतात तोडणीची टोळी कधी येणार, ही पाळी ते फळ्यावर लिहायचे, आणि फळा पुसून आपलं नाव वर लिहिणारे महाभाग गावात होते. भरमाण्णानं त्यांना धोटावर पाळीची वेबसाइट करून दिली. ती पुसता येईना, भांडणं थांबली. आप्पांनी विचारलं, नवी आवृत्ती आली की आम्ही काय करायचं? भरमाण्णा म्हणाला, "काय करू नका. आपोआप घेऊ दे की. माझी आवृत्ती मोडत न्हाय." आप्पांनी तशीच सोय लावली. सदलग्याचं बघून आणखी तीस-चाळीस ठिकाणी तशीच लागली.

आता सूट.

अकरा वर्षांपूर्वी बंगळुरात एक मोठी परिषद होती आणि तिथं धोटावर बोलायचं आमंत्रण आलं. भरमाण्णाला आलं, हे नीट नोंदवतो. मी नुसता बरोबर जाणार होतो. पण सूट मी शिवायला टाकला. त्याआधी तिथल्या काही मंडळींनी कुठंतरी लिहिलं होतं, की धोटा चांगला आहे पण सुस्त आहे, जुन्या सामानानं भरलेला आहे. ते मला लागलं. भरमाण्णाला लागलं नाही. मी त्याला म्हटलं, की शेपूट काढ, दुप्पट वेगानं पळेल, व्यासपीठावर दाखवायला काहीतरी हवं. तो म्हणाला, "न्हाय सर." मी दोनदा म्हटलं. तो दोनदा तेच म्हणाला. मी विभागप्रमुख होतो. मला दोनदा ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती.

परिषदेला आठवडा उरला असताना तो तीन दिवस जांबोटीला गेला. भाची तिकडं दिलेली, तिच्या नव्या घराची वास्तुशांत. जांबोटीत तेव्हा फोनला रेंज मिळत नसे. लॅबची दुसरी किल्ली माझ्याकडं होती. त्याचा कॉम्प्युटर तो कधी कुलूपबंद करत नसे. कशाला करेल, सगळे घरचेच. दुपारी पावणेचारच्या सुमारास मी त्याच्या खुर्चीत बसलो, ‘शेपूट’ नावाची पेटी काढून टाकली, माझ्या कॉम्प्युटरवर धोटा चालवून बघितला. पळाला. आवृत्तीचा आकडा एकानं वाढवला आणि नवी आवृत्ती सगळ्यांसाठी सोडली. त्या मशिनवरून जे काही निघतं त्यावर आपोआप भरमाण्णाचं नाव लागतं, हे मला माहीत होतं. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला वाटलं, छान झालं तर त्याचंच नाव होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदलग्याहून फोन. पाळीचं पान कोरं. तोडणीचा हंगाम ऐन भरात, टोळी फाट्यावर कोयते घेऊन बसलेली, आणि प्रत्येक जण सांगतोय की आज माझा नंबर. आप्पा म्हणाले, की सर, भरमाण्णा कुठं आहे? मी म्हटलं, जांबोटीला. एवढं खरं बोललो. पुढं गप्प बसलो. शेपूट परत जागेवर ठेवायची तर ती कशी जोडली होती ते मला कळेना. माझ्या तीन डिग्र्यांत ते नव्हतं. दिवसभरात चाळीस ठिकाणांहून ओरड झाली, पाहुण्यानंही पानभर लिहिलं, सगळं भरमाण्णाच्या नावानं.

तो परत यायला निघाला तेव्हा बस खानापूरजवळ आली आणि रेंज आली. खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेच ना. शेजारच्या बाईला वाटलं याच्या खिशात खेकडा आहे. स्टँडवरून तो घरी न जाता थेट लॅबमध्ये आला, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी. ती खाली ठेवली, हात पुसले, खुर्चीत बसला. आवृत्ती सुटल्याच्या नोंदीत वेळ बघितली. अंगठा आणि तर्जनीत तो नसलेला धागा बराच वेळ ओढत राहिला. मी दारात उभा होतो. त्यानं मागं वळून बघितलं नाही. पाऊण तासात शेपूट परत जोडली, दुरुस्त आवृत्ती सोडली, सगळ्यांना कळवलं: चूक झाली होती, नीट केलं आहे. मग तांदळाची पिशवी उचलून मला दिली. ती त्यानं माझ्यासाठीच आणली होती.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तांदूळ घेऊन घरी गेलो.

परिषदेच्या लोकांचं पत्र आलं, की झाल्या प्रकारानंतर भरमाण्णांऐवजी विभागप्रमुखांनीच बोलावं. मी सूट घालून गेलो. भाषण बरं झालं. शेवटी एकानं उठून विचारलं, की ‘जुना धागा तुटणार नाही’ म्हणता, मग परवा काय झालं? मी इंग्रजीत उत्तर दिलं. त्याचा अर्थ असा, की आमचा सहकारी मेहनती आहे, पण शेवटी मागावरून उठून आलेला माणूस. घाई झाली त्याच्याकडून. सभागृह हसलं. मीही हसलो. ते सगळं चित्रित झालं आणि अजून कुणालाही बघता येतं.

पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी ते लावलं. अकरा वाजले होते. भरमाण्णा डबा उघडून बसला होता. त्यानं सगळं ऐकलं, ते वाक्यसुद्धा. मग म्हणाला, "सर, आवाज चांगला आलाय," आणि राहिलेली भाकरी संपवली.

त्यानंतर वरवर काही बदललं नाही. त्या नोंदीवर वेळ होती, तारीख होती; भरमाण्णा तेव्हा जांबोटीला होता हे सांगणारं एक वाक्य पुरलं असतं. पण बंगळुरात कुणाला जांबोटी माहीत नाही, आणि ज्यांना माहीत होती त्यांनी नोंद बघितली नाही. भरमाण्णा बोलला नाही. तो आपला कॉम्प्युटर कुलूपबंद करायला लागला, एवढंच. आणि एक दिवस बाळगोंडा आप्पा आले. म्हणाले, "अण्णा, राग मानू नकोस. आता आम्ही आपोआप घेणं बंद केलंय. आवृत्ती आली की आधी चार दिवस बघतो, मग घेतो." भरमाण्णा म्हणाला, बरोबर आहे तुमचं. ते गेल्यावर तो शिडी घेऊन चालू असलेला पंखा तपासायला चढला आणि बराच वेळ वरच राहिला.

आणखी एक गोष्ट मला दिसली होती. प्रत्येक आवृत्तीबरोबर बदलांची यादी असते. भरमाण्णा तीही त्याच्या वहीसारखीच लिहायचा: काय मोडलं, काय केलं, कारण. त्या दुरुस्त आवृत्तीच्या यादीत लिहिलं होतं, काय मोडलं: शेपूट. काय केलं: परत जोडली. कारण: आणि पुढं काहीच नाही. मुंगीसुद्धा नोंदवणाऱ्या माणसानं जागा रिकामी सोडली होती. मी ती पुढं कितीदा तरी बघितली. मला वाटायचं, तो मला दया दाखवतोय. दया सोसायला सोपी असते, म्हणून मी तोच अर्थ धरून राहिलो, आणि निवृत्तही झालो. लोक मला धोटाचा जनक म्हणायला लागले तेव्हा मी आधी ‘छे छे’ म्हणायचो. मग नुसतं ‘छे’. मग तेही राहिलं.

स्मरणिकेच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी मी वडगावला गेलो. पुढच्या खोलीत यंत्रमागांचा खडखडाट. मागच्या सोप्यात मात्र शांत. आक्काला आता नीट दिसत नाही. नवा ताणा चढवायचा होता, तो भरमाण्णा गाठत बसला होता. तोही मागच्या वर्षी निवृत्त झाला, पण धोटा अजून तोच सांभाळतो. लॅपटॉप मागाशेजारच्या स्टुलावर उघडा होता. "या सर," म्हणाला, आणि पायानंच एक पाट पुढं सरकवला.

मी पाटावर बसलो आणि सांगून टाकलं. "भरमाण्णा, ती आवृत्ती मी सोडली होती."

"म्हाईत हाय की."

"कधीपासून?"

"बस खानापुरात आली तवापास्नं. मी जांबोटीत, आणि रिलीज माझ्या नावानं. दुसरी किल्ली कुणाकडं हुती?"

आक्का कोपऱ्यातून म्हणाली, "मलाबी म्हाईत हुतं."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं गाठ मारली, कात्रीनं टोक कापलं, पुढचा धागा घेतला. "तुम्ही सांगशिला म्हणून थांबलो. जागा ठेवलीया न्हवं?"

"अकरा वर्षं?"

"ताणा कवा येईल ते आपल्या हातात असतंय काय? शेपूट ठेवायची आपल्या हातात असती."

मी विचारलं, की राग आला नाही का? "लई आला. माग म्हणलासा त्याचा न्हाय. मागावरनंच आलोय की. पर घाई म्हणलासा." आता पहिल्यांदा त्यानं मान वर केली. "मी घाई कवा केली, सर?"

तो परत धाग्यांकडं वळला आणि हनुवटीनं लॅपटॉप दाखवला. "लिवा. जागा तितंच हाय."

मी स्टुलापाशी सरकलो. हात लावणार, तेवढ्यात आक्का म्हणाली, "हात पुसा." पुसले. मी लिहिलं, ‘कारण: विभागातील काही गैरसमज.’ वाचून दाखवलं. भरमाण्णा न वळता म्हणाला, "गैरसमज कुणाचा? परत लिवा." मग मी मनापासून लिहिलं, सात-आठ ओळी, त्यात दिलगिरी होती, अकरा वर्षं होती, त्याची थोरवीही होती. "ते कारण न्हाय, ते भाषान. एक ओळ. बाकीचं दुसरीकडं कुठं तर लिवा." हा मजकूर त्यामुळे आहे. मग मी त्याच्या वहीची आठवण ठेवून दोनच शब्द लिहिले: ‘कारण: मी.’ मला वाटलं, आता बसलं. भरमाण्णा म्हणाला, "त्या नोंदीवर नाव माझं. ‘मी’ लिवलं की मीच हुतो की, सर." आक्का तोंडाला पदर लावून हसली.

चौथ्यांदा मी माझं नाव लिहिलं, आडनावासकट. ‘यांनी न विचारता शेपूट काढली. भरमाण्णा जांबोटीला होता.’ तो उठला, येऊन वाकून वाचलं, दोनदा वाचलं, दोन बोटांनी बटणं दाबली, आणि ओळ जगाला दिसायला लागली.

मी निघायच्या बेतात होतो. तो म्हणाला, "सदलग्याला फोन तेवढा तुम्ही लावा. आप्पास्नी वाचाय येतंय, पर ते वाचत न्हाईत."

मी स्पीकर चालू करून फोन लावला. आप्पा आता थकलेत, आधी मला ओळखेनात. मी त्यांना सगळं सांगितलं, किल्ली, पावणेचार, जांबोटी. त्यांनी पलीकडं कुणाला तरी ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं.

"म्हंजे," ते म्हणाले, "अण्णाची आवृत्ती मोडली नव्हती."

"नव्हती, आप्पा."

"मग परत आपोआप चालू करायला सांगतो पोरास्नी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी भरमाण्णाकडं बघितलं. अंगठा आणि तर्जनीत धागा होता, या वेळी खरा, आणि तो हलत नव्हता. मग त्यानं तो शेपटीतल्या एका धाग्याला लावला, पीळ दिला, गाठ मारली. पुढचा घेतला. मी दारातून ‘येतो’ म्हटलं. त्याचे दोन्ही हात धाग्यांत गुंतलेले होते. त्यानं कोपर उचलून मला निरोप दिला.